चेंडू डावीकडेच जातो

५ जानेवारी, रविवार

आज पुन्हा हरलो आणि पुन्हा माझ्यामुळे. काशीने चेंडू असा आणून ठेवला होता की शेंबडं पोरसुद्धा आत घालेल. जेमतेम दोन पावलांचं अंतर. मी मारला, तो सरळ निघाला, होलच्या तोंडाशी गेला आणि तिथे डावीकडे वळून निवांत बसला. वेदिकावहिनी "अरेरे" म्हणाल्या. त्यांच्या त्या अरेरेचा मला फार राग आला, कारण ते खरं वाटत होतं.

रत्नागिरीत मी गोल्फ खेळते म्हटलं की माझे पेशंट तोंडात कापूस असतानाही हसतात. हसोत. कंपनीने सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळपठारावर, कॉलनी बांधली तेव्हा कुणा हौशी साहेबाने नऊ होलचं मैदान आखलं आणि पुढे गावातल्या आम्हा चारजणांनाही सभासद करून घेतलं. जांभ्या दगडावर हिरवळ धरत नाही, म्हणून होलभोवती वाळूत जुनं इंजिन ऑइल कालवून, वर रोलर फिरवून तपकिरी रिंगण केलेलं असतं. त्याला सगळे ब्राऊन म्हणतात. त्यावर पावलं उमटतात. म्हणून मारण्याआधी होलपासून चेंडूपर्यंतची वाट गोणपाट बांधलेल्या फळीने ओढून साफ करायची.

बायकांच्या जोडीच्या सामन्याचे नियम आमचे आम्हीच केलेले आहेत. एकीने लांबचे फटके मारून चेंडू ब्राऊनपाशी आणायचा. दुसरीने तिथून आत घालायचा. आणि तिची वाट ओढायची ती तिच्या जोडीदारणीनेच, म्हणजे भांडण नको. आमच्यात लांबचं काशीचं, जवळचं माझं. "तू दातांची डॉक्टर, तुझा हात बारीक कामाचा," असं म्हणून ही वाटणी काशीनेच केली होती.

काशी माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. पावसच्या आंबेवाल्यांची मुलगी. नवरा गेल्यावर कंपनीच्या गेस्ट हाऊसची खानावळ घेतली आणि एकटीच्या जोरावर चालवते. तिचा फटका बघायला कॉलनीतले इंजिनियर थांबतात. अशा बाईला माझ्यापायी दोन वर्षं फायनल हरावी लागली, दोन्ही वेळा वेदिकावहिनींच्या जोडीकडून. वहिनी म्हणजे कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या मिसेस. काशी एका शब्दाने बोलली नाही. घरी सोडताना म्हणते कशी, "जाऊ दे गो, खेळ तो."

यंदाची फायनल सोळा मार्चला. तोवर जवळचा खेळ सुधारायचा म्हणजे सुधारायचाच.

८ जानेवारी

गच्चीवर सतरंजी अंथरली, स्टीलचा पेला आडवा ठेवला आणि मोबाइलवर एका गोऱ्या मास्तरांना सुरू केलं. मास्तर म्हणतात, मनगट विसरा, खांद्यांनी झुलवा. चेंडू गेला तरी मान वर करू नका, आवाज ऐका. मी मान खाली घालून आवाज ऐकला. पेला वाजला. पुन्हा वाजला. वाजतच राहिला. शेवटी खालच्या मजल्यावरून विचारणा झाली की डॉक्टरीणबाई, वर काय कुटताय.

सतरंजीवर मी एकही चुकवत नाही. म्हणजे दोष हाताचा नाही, मनाचा असणार. मनाला कुठल्या मास्तरांकडे पाठवायचं ते ठाऊक नाही.

१९ जानेवारी, रविवार

कॉलनीच्या शाळेतल्या बाईंच्या जोडीला हरवलं. आणि कसं! प्रत्येक वेळी एका फटक्यात आत. ब्राऊनच्या बाहेरूनही मी आता चेंडू उडवत नाही. जांभ्यावर उडवलेला चेंडू कुठे उसळेल याचा नेम नाही, म्हणून अलीकडेच बसका टप्पा देऊन घरंगळत न्यायचा. तेही जमलं. काशी इतकी खूश की खानावळीत नेऊन घावणे खायला घातले.

मला एक कळत नाही. शाळेतल्या बाईंसमोर जो हात चालतो तो वहिनींसमोर का आखडतो? मी काही त्यांच्या नोकरीत नाही. उलट त्यांची अक्कलदाढ मीच काढली आहे.

काशीला विचारलं. ती म्हणाली, "दडपण येतं गो माणसाला. तुला कळत नसेल, पण येतं." असेल बाई.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर वहिनींबरोबर मैत्रीचा सामना. तीन सोपे चुकवले. तिन्ही डावीकडे.

तिसऱ्याच्या वेळी काशीने वाट इतकी सावकाश, इतकी जीव लावून ओढली की मलाच भरून आलं. ओढून झाल्यावर फळी टेकवून उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता खाली समुद्राकडे बघत बसली. तिलाही बघवत नसणार.

आता लिहूनच टाकते, कारण बोलायला कुणी नाही. आईचं असंच सुरू झालं होतं. आधी ब्लाउजची हुकं लावायला वेळ लागायला लागला. मग अक्षर बारीक बारीक होत गेलं. आम्ही म्हणायचो, आई, जरा मोठं लिही. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं तोवर बरंच पुढे गेलं होतं. उजव्या हातापासूनच सुरुवात होती. उजवा हात जरासा जरी आत वळला तरी पटरचं, म्हणजे जवळच्या फटक्याच्या काठीचं, तोंड डावीकडे होतं. म्हणजे हे मनाचं नाही.

काशीला परतीच्या वाटेवर सांगितलं. तिने गाडी बाजूला घेतली. म्हणाली, "काहीतरीच काय बोलतेस? कुठली गोष्ट कुठे नेतेस!" घाबरली होती ती, माझ्याइतकीच.

२८ जानेवारी

आज एका म्हातारबाबांची दाढ काढायची होती. इंजेक्शन हातात घेतलं आणि ठेवून दिलं. जिथे सुई जाते तिथून नस किती जवळ असते ते मला माहीत आहे. ज्या हाताला दोन पावलांवरचा खड्डा सापडत नाही, तो हात मी माणसाच्या जबड्यात घालू? दीक्षाला बोलावलं आणि बाबांना सांगितलं, माझी पाठ धरली आहे.

दीक्षा माझ्या हाताखालची डॉक्टर, तीन वर्षं आहे. तांबेगुरुजींची मुलगी, हुशार, हलक्या हाताची. पेशंट गेल्यावर दार लावून म्हणाली, "मॅडम, पाठ कधी धरली? आणि हात दाखवा बघू." मी दाखवला. तिने बराच वेळ बघितला. "मला तर काही हलताना दिसत नाही."

"तुला दिसणार नाही," मी म्हटलं. "सड्यावर ये, मग दिसेल."

६ फेब्रुवारी

कोल्हापूर. आंबा घाट चढताना उलटी आली, ती भीतीचीच. काशीने खानावळ टाकून गाडी चालवत नेलं. निघण्याआधी दोनदा म्हणाली, "कशाला जातेस गो, एवढ्याशा गोष्टीसाठी?" पण मी जाणारच म्हटल्यावर एकटी जाऊ देईना. बहीण असती तरी एवढं केलं नसतं.

मेंदूचे डॉक्टर चांगले निघाले. बोटं नाचवायला लावली, चालायला लावलं, गोल गोल रेघा काढून घेतल्या. विचारलं, कामात काही त्रास? मी म्हटलं, नाही, अजून नाही, पण खेळताना हात वळतो. ते म्हणाले, बरोबरच्या कुणी बघितलंय का? मी काशीकडे बघितलं. ती पदराशी चाळा करत होती. मग म्हणाली, "होय डॉक्टर. हलतो हिचा हात. मी बघितलाय."

डॉक्टर म्हणाले, आत्ता तरी नक्की काही सांगता येत नाही, सुरुवातीला कधी कधी फक्त ताणाखालीच दिसतं, सहा महिन्यांनी पुन्हा या. म्हणजे काय ते मी समजले. मीही पेशंटला असंच सांगते.

परतताना साखरप्याला चहाला थांबलो तर तिने चहा तसाच ठेवला.

११ फेब्रुवारी

ठरवलं. दीक्षाला बसवून सांगितलं की पाडव्यापासून दवाखाना तुझा. खुर्ची, पेशंट, सगळं. मी फार तर आठवड्यातून एकदा येऊन गप्पा मारीन. ती रडायला लागली. तिला मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं होतं म्हणे, परवापर्यंत कळवायचं होतं. मला बोललीही नव्हती. आता नाही म्हणून कळवते म्हणाली.

मी नाही रडले. घरी येऊन भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली.

काशीला फोन केला. म्हणाली, "एवढ्या लवकर ठरवायला नको होतंस." अर्ध्या तासात खानावळीतून सुरमईचं कालवण आलं, वर तांदळाच्या भाकऱ्या. माझ्यापेक्षा तिलाच जास्त लागलंय.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज काशीला यायला जमलं नाही म्हणून एकटीच सड्यावर गेले. ऊन चढेपर्यंत खेळले. एकटी असले की वाट मीच ओढते. मजेची गोष्ट म्हणजे चेंडू जात होते. बसका टप्पा, घरंगळला, आत. लांबून, जवळून, तिरपे, सगळे. डावीकडे एकही नाही.

एकटी असताना मी चँपियन आहे. डॉक्टर म्हणालेच होते, ताणाखालीच दिसतं. हे असं चांगलं खेळणंसुद्धा दुखण्याचीच खूण ठरावी, याचा इतका संताप आला की पटर फेकून दिला. मग करवंदीच्या जाळीत शिरून शोधावा लागला. हात ओरबाडून निघाले.

४ मार्च

काशी म्हणते, फायनलमधून नाव काढून घेऊ. "तुला त्रास होतो, मला बघवत नाय." मी म्हटलं, शेवटची एकदा खेळू दे, मग पटर गच्चीतल्या टाकीमागे ठेवून देईन. तिने बराच वेळ समजावलं. मग म्हणाली, "बरं. पण हरलो तर जीवाला लावून घ्यायचं नाय. वहिनी जिंकल्या तर त्यांनाही बरं वाटतं, चार लोकांना बरं वाटतं."

मनाने किती मोठी आहे ती. मला हरायचा विचारसुद्धा सहन होत नाही.

१६ मार्च, रविवार

लिहायचं कसं ते कळत नाही. क्रमाने लिहिते.

सकाळी लवकर सुरू झालं. काशी नेहमीसारखी खेळत होती. मी चार चुकवले, चारही डावीकडे, आणि तरीही शेवटच्या होलला आम्ही बरोबरीत होतो, कारण ब्राऊनबाहेरून मी टप्पा देऊन दोनदा थेट आत घातले. तिथे वाट ओढायची नसते. हे मी आत्ता लिहिताना माझ्या लक्षात येतंय.

शेवटचं ब्राऊन. वहिनींच्या जोडीचं खेळून झालं होतं. मी आत घातला तर कप आमचा. दोन पावलांचं अंतर, तेच ते. काशीने फळी घेतली, होलपासून माझ्यापर्यंत ओढत आणली आणि बाजूला झाली. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे मी चेंडूमागे उकिडवी बसले. ऊन अजून तिरपं होतं. त्या उन्हात वाटेची एक बाजू उजळ दिसली आणि दुसरी जराशी काळपट.

मी आयुष्यभर खोटे दात घासून बसवलेत. कवळीचा एखादा दात एका बाजूने अंमळ जास्त घासला गेला की तो डोळ्याला आधी असाच दिसतो, आणि मग बोटाला कळतो. वाटेवरचा खडा उचलायची परवानगी असते. खडा नव्हता. मी उचलल्यासारखं केलं आणि जाता जाता बोट आडवं फिरवलं. वाट सपाट नव्हती. डावीकडे उतरत होती. जेमतेम, पण होलपाशी मंदावलेल्या चेंडूला तेवढं पुरेसं होतं.

मला वाटलं, चुकून झालं असेल. मी म्हटलं, "काशी, पुन्हा एकदा ओढ गो. खडा होता."

ती पुन्हा ओढायला लागली. मी पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. इतकी वर्षं ती ओढत असताना मी चेंडूकडे नाहीतर होलकडे बघत आले. तिच्या अंगठ्याने फळीचा माझ्या डावीकडचा कोपरा दाबून धरला होता, तिथली वाळू जास्त खरवडली जात होती. अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. चेहरा एखादी बाई देवघर पुसते तसा शांत.

तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. तिला कळलं की मला कळलं.

 हात मात्र तसाच होता, दगडासारखा. चार माणसं उभी होती. वहिनींनी श्वास रोखला होता. मी होलवर नेम धरला नाही. चार बोटं उजवीकडे धरला आणि मारला. चेंडू चुकीच्याच दिशेने निघाला. कुणीतरी च्च केलं. मग तो काशीने केलेल्या उतारावर आला, हळूच डावीकडे वळला आणि आत पडला. मी मान वर केली नव्हती. आवाज ऐकला.

वहिनी धावत आल्या, मला मिठी मारली. म्हणाल्या, "योगिनीताई, बरं झालं हो! दोन वर्षं मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम मला जिंकू देताय. साहेबांची बायको म्हणून. खेळायची मजाच गेली होती माझी."

काशी फळी कुंपणाच्या भिंतीला टेकवून ठेवत होती. फळी दोनदा घसरली.

कप माझ्या टेबलावर आहे. मी रिक्षाने घरी आले.

१७ मार्च

दुपारी काशी आली. मी दार उघडलं पण बस म्हटलं नाही. ती उभीच राहिली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्याच्या गेल्या वर्षीपासून."

"वहिनींनी सांगितलं होतं?"

"नाय गो. कोणी सांगितलान नाय. माझं मलाच वाटलं. एप्रिलात खानावळीचं कंत्राट साहेबांच्या सहीने होतं. आधीच्या खानावळवाल्याने साहेबांना काय दुखवलान कोण जाणे, एका दिवसात बाहेर. माझ्याकडे खानावळीत इतक्या बायका कामाला. मी म्हटलं, वहिनी खूश असल्या म्हणजे..."

"मग तू चुकायचंस. मला कशाला चुकवलंस?"

"मी चुकले असते तर कळलं असतं सगळ्यांना. मी चुकत नाय." हे ती अगदी सहज म्हणाली. मग खाली बघून म्हणाली, "तू चुकलीस तर कोण काय म्हणणार? तू डॉक्टर. तुझं काय जाणार होतं?"

"कोल्हापूर," मी म्हटलं.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"कोल्हापूरला डॉक्टरांनी विचारलं, कुणी बघितलंय का. तू म्हणालीस, मी बघितलाय."

"तुला मी जाऊ नको म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं."

"तू म्हणालीस, मी बघितलाय."

"मग काय सांगू?" काशीचा आवाज चढला. "नाय हलत म्हटलं असतं तर तू विचारलंच असतंस, मग चेंडू का जातो बाजूला? रोज वाटायचं, आज सांगते, आज सांगते. आणि तू रोज काहीतरी पुढचंच करून ठेवायचीस. मला वाटलं, दमलीयस, सोडलास दवाखाना तर आराम तरी मिळेल तुला."

आराम! मी तिला बाहेर जा म्हटलं. ती गेली. पायरीवर थांबून म्हणाली, "काल सगळ्यांसमोर बोलली नाहीस, उपकार झाले."

उपकार मी केले नाहीत. तोंडाला कुलूप लागलं होतं, एवढंच.

१८ मार्च

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. सकाळपासून घरभर फिरतेय. तिचं सगळं आठवतंय. घावणे, कालवण, साखरप्याचा न प्यालेला चहा. त्यातलं खोटं काहीच नव्हतं, हे सर्वांत वाईट आहे. सगळं खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिला माझी कीव येत होती आणि ती फळी दाबत होती, दोन्ही एकाच हाताने.

आणि मी! सतरंजीवर पेला वाजत होता. दीक्षा सांगत होती हात हलत नाही. एकटी असताना चेंडू सरळ जात होता. माझ्या स्वतःच्या हाताने मला महिनोन्महिने सांगितलं की मी ठीक आहे. मी हातावर विश्वास ठेवला नाही, काशीवर ठेवला. याची लाज जास्त वाटते की तिच्या कृत्याचा राग जास्त येतो, ते मला आज सांगता येणार नाही.

२२ मार्च

दवाखान्यात गेले. दीक्षाकडे एक अवघड दाढ होती, हाडात आडवी अडकलेली. मुळाचा तुकडा निघेना. तिच्या कपाळावर घाम. माझ्याकडे बघितलं. मी हातमोजे घातले. तुकडा निघाला. पेशंटला कळलंही नाही की डॉक्टर बदलली.

हात धुताना दीक्षा म्हणाली, "मॅडम, हा हात आजारी नाही. मी शपथेवर सांगते."

मी सांगणार होते. ओठांवर आलं होतं. मग बघितलं, नळाच्या वरच्या फळीवर तिने रंगाऱ्याचे नमुने ठेवले होते, तिच्या नावाच्या पाटीचे. तीन वेगवेगळ्या अक्षरांत डॉ. दीक्षा तांबे. तिला खरं कळलं तर ती आजच्या आज खुर्ची परत करील, तशीच आहे ती. मुंबईचं ते काम तर गेलंच. म्हणजे काशीने एकीचं नव्हे, दोघींचं बुडवलं असं होईल, आणि त्यातलं दुसरीचं मी स्वतःच्या हाताने.

म्हटलं, "चांगला दिवस, वाईट दिवस असतात गं या दुखण्यात." तिने नळ बंद केला. मी निळ्या अक्षरांचा नमुना निवडून दिला.

३० मार्च, पाडवा

दवाखान्यात छोटासा समारंभ झाला. पाटी लागली. दीक्षाचे वडील रामजी तांबेगुरुजी आणि आई गावाहून सकाळच्या गाडीने आली होती. माउली नवी पांढरी साडी नेसून कोपऱ्यातल्या स्टुलावर अगदी टोकाला बसली होती, जणू खुर्च्या पेशंटच्याच. जुने पेशंट येऊन जात होते. वहिनी आल्या, गुच्छ दिला. बोलता बोलता म्हणाल्या की गेस्ट हाऊसचं काम काशीताईंनाच पुन्हा दिलं, त्यांच्यासारखं जेवण कोण करणार. म्हणजे कुणी काढणारच नव्हतं तिला.

काशीही आली. न बोलावता. आली नसती तर गावाने विचारलं असतं. आंब्याची पेटी दाराशी ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही आणि ती आहे हे एक क्षणही विसरले नाही.

मग गुरुजींनी विचारलंच. "डॉक्टरबाई, रागावू नका, पण एवढ्या लवकर का सोडलंत? पोरीला अजून पाच वर्षं तुमच्या हाताखाली काढता आली असती."

दीक्षाने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत अजून तोच संशय होता. आठ दिवस ती मला काही विचारत नव्हती पण माझ्या हातावरून तिची नजर हटत नव्हती.

"हात साथ देत नाही हो गुरुजी," मी म्हटलं. "आईचं दुखणं माझ्याकडे आलं."

"कोल्हापूरला दाखवलंय त्यांनी," वहिनी हळहळून म्हणाल्या. "काशीताईच घेऊन गेल्या होत्या ना?"

सगळ्यांनी काशीकडे बघितलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी मनात म्हटलं, बोल. आत्ता बोल. एकदा तरी तुझ्या तोंडून निघू दे. मी अडवणार नाही, मग दीक्षाचं काय ते मी बघून घेईन.

"होय," काशी म्हणाली. "मीच नेलं होतं."

दीक्षाची आई चहाचा ट्रे घेऊन आली आणि पहिला कप माझ्यापुढे धरला. भरलेला, काठोकाठ. मी बशी उचलली. दीक्षा बघत होती. काशी बघत होती. कप बशीत गुपचूप बसून होता, एक थेंब हलत नव्हता.

मी मनगट सैल सोडलं. कप वाजायला लागला, चहा बशीत सांडला आणि माझ्या बोटांवर आला. दीक्षाच्या आईने पटकन दोन्ही हातांनी माझा हात धरला. "राहू दे, राहू दे बाई," म्हणाली, "मी देते." दीक्षाची नजर खाली गेली. तिची खात्री पटली होती. काशी पेटी तिथेच सोडून पायऱ्या उतरून गेली.

इतकी वर्षं कुणाच्याही तोंडात जो हात हलला नाही, तो आज मला मुद्दाम हलवावा लागला.